डिस्ने वर्ल्ड : पावणेतीन वर्षांची लेक, साडेपाच वर्षांचा मुलगा आणि सोबत सासू-सासरे. आखणी कशी करू?

मृण्मयी_अटलांटा

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ऑरलँडोला डिस्ने वर्ल्डला जायचं ठरतंय. आम्ही सहा जण आहोत. आम्ही दोघं, साडेपाच वर्षांचा मुलगा (उंची ११० सेंमी), मार्चमध्ये तीन पूर्ण करणारी लेक (९२ सेंमी) आणि साताऱ्याहून आलेले सासू-सासरे. सासऱ्यांना चालायची सवय आहे, सासूबाईंचे गुडघे दुखतात. दोघंही शाकाहारी, सासूबाईंना अंडंही चालत नाही. अटलांटाहून गाडीने जाणार.

व्हिडिओ बघून बघून डोकं भणभणलंय. जो तो पहाटे उठून फोनला चिकटलेला दिसतो. तसली धावपळ आम्हाला नको. मुलं खूश व्हावीत आणि आई-बाबांनाही सहल मनापासून आवडावी, एवढंच वाटतं. कुठली पार्क्स घ्यावीत, राहायचं कुठे, पैसे भरून रांग टाळण्याचा प्रकार घ्यावा का, आणि आईंच्या जेवणाचं काय, हे कृपया सांगा.

केदार_टँपा

तारीख छान निवडली आहे. जानेवारीच्या सुरुवातीला तिथे मॅरेथॉन असते, मग तिसऱ्या सोमवारी मार्टिन लूथर किंग दिनाची जोडसुट्टी येते. ती उलटली की फेब्रुवारीतल्या प्रेसिडेंट्स डेपर्यंत गर्दी जरा ओसरते. दुपारी हवा सुखद असते, पण सकाळी आणि अंधार पडल्यावर चांगलीच थंडी वाजू शकते, तेव्हा जाकिटं आणि कानटोप्या गाडीत टाका. शिवाय या दिवसांत काही राइड्स, विशेषतः पाण्यातल्या, दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. त्यांची यादी संकेतस्थळावर आधी लागते. ती पाहिल्याशिवाय मुलाला कशाचंही वचन देऊ नका.

आता पार्क्स. एकूण चार आहेत : मॅजिक किंगडम (१९७१), एप्कॉट (१९८२), हॉलीवूड स्टुडिओज (१९८९) आणि अ‍ॅनिमल किंगडम (१९९८). तुमच्या घरच्यांसाठी माझं मत असं : मॅजिक किंगडमला दोन दिवस, पण लागोपाठ नाही. अ‍ॅनिमल किंगडमला एक सकाळ, एप्कॉटला एक दिवस. हॉलीवूड स्टुडिओज यावेळी सोडून द्या. तिथल्या मोठ्या राइड्सना उंचीची अट आहे, आणि लेकीसाठी टॉय स्टोरी लँडपलीकडे फारसं काही नाही.

लेक तीनच्या आत असल्यामुळे तिला तिकीट लागत नाही. मुलाला ३ ते ९ वयोगटाचं तिकीट लागेल, ते मोठ्यांपेक्षा थोडंसंच स्वस्त असतं. जितक्या जास्त दिवसांचं तिकीट, तितका दर दिवसाचा भाव उतरतो. एका दिवसात दोन पार्क्स फिरायची मुभा देणारं 'पार्क हॉपर' तुम्हाला अजिबात नको. इतक्या लहान मुलांना घेऊन या पार्कातून त्या पार्कात जाण्यातच दिवसाचा गाभा निघून जातो.

सगळ्यात महत्त्वाचं. लेक दुपारी झोपते ना? मग दिवस तिच्या झोपेभोवती आखा, पार्कच्या नकाशाभोवती नाही. दार उघडण्याच्या अर्धा तास आधी हजर राहा. पहिले दोन तास सोन्याचे असतात, रांगा सगळ्यात छोट्या तेव्हाच. अकरा-सव्वाअकराला जेवण उरका, कारण बारानंतर प्रत्येक खिडकीवर झुंबड असते. साडेबाराला सरळ बाहेर पडा. मुक्कामाच्या जागी सगळ्यांची झोप, चहा, आणि साडेचारच्या सुमारास परत. दुपारी एक ते चार ही वेळ सर्वांत गर्दीची असते. ती टाळलीत तर तुमचं काहीही बुडत नाही.

स्वराली

मी थोडं वेगळं सांगते, राग मानू नये. पावणेतीन वर्षांच्या मुलीला यातलं काहीच आठवणार नाही. एवढा खर्च करायचा तर दोघं पाच आणि आठ वर्षांचे होईपर्यंत थांबा ना. तेव्हा उंचीही बसेल, झोपेचा प्रश्नही नसेल आणि मुलं स्वतः निवड करतील. आत्ता एखाद्या समुद्रकिनाऱ्यावर गेलात तरी लेक तितकीच खूश होईल.

गोदाकाठ

स्वराली, मुलं थोडी मोठी झाल्यावर जाण्यात खरंच सोय आहे, ते मान्य. पण इथे आजी-आजोबाही आहेत. अडीच वर्षांनी सासूबाईंचे गुडघे कसे असतील, इतका लांबचा विमानप्रवास झेपेल का, हे कोण सांगणार? शिवाय लेकीला आठवलं नाही तरी साडेपाच वर्षांच्या मुलाला आठवेलच. आजोबांबरोबर केलेली सफारी तो विसरायचा नाही. या वयात मिकी खराखुरा वाटतो, हेही आहे. आठव्या वर्षी ते उरत नाही.

मृण्मयी, उंचीबद्दल. ११० सेंमी म्हणजे ४३ इंच. मॅजिक किंगडममध्ये मुलाला बार्नस्टॉर्मर (८९ सेंमी), सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन (९७) आणि टियानाज बायू अ‍ॅडव्हेंचर (१०२) या तिन्ही राइड्स मिळतील. स्पेस माउंटनला ११२ लागतात, तिथे तो दोन सेंटीमीटरने अडेल. दारात पट्टीला लावून उंची बघतात आणि त्यात सूट देत नाहीत, कारण ती अट सुरक्षापट्ट्याच्या मापावर ठरलेली असते. हे त्याला घरीच, दाराच्या चौकटीवर खूण करून समजावून सांगा. तिथे रांगेच्या तोंडाशी पहिल्यांदा कळलं तर बिचाऱ्याचा फार हिरमोड होतो. लेक ९२ सेंमीची आहे, म्हणजे बार्नस्टॉर्मर तिलाही चालेल. जेमतेम मिनिटभराची छोटी कोस्टर आहे, पण तिला धाडस आवडत असेल तरच बसवा.

बाकी डंबो, विनी द पू, इट्स अ स्मॉल वर्ल्ड, कॅरोसेल, पीटर पॅन या कशालाच उंचीची अट नाही. यातली पीटर पॅनची रांग सगळ्यात हळू सरकते, ती सकाळी पहिल्यांदा उरका. डंबोला उलट रांगेतच आत खेळायची जागा आहे. मुलं तिथे घसरगुंडीवर खेळतात आणि आपला नंबर आला की बोलावतात. पायरेट्सच्या होडीत अंधार आहे आणि एक छोटी घसरण आहे. हॉन्टेड मॅन्शन, म्हणजे भुतांचा वाडा, तर लेकीसाठी सोडाच.

अण्णा_कोल्हापूर

मी निवृत्त शिक्षक. मुलगा ऑर्लँडोजवळ राहतो, त्यामुळे नातवंडांबरोबर ही पार्क्स नीट पाहिली आहेत. सुनबाई, तुमचा 'आई-बाबांनाही आवडावी' हा शब्द वाचून बरं वाटलं, म्हणून लिहितो.

आजी-आजोबांना बाकावर पिशव्या सांभाळायला बसवू नका. त्यांच्यासाठी म्हणून दिवसातल्या दोन गोष्टी ठरवून ठेवा. एप्कॉटमध्ये 'लिव्हिंग विथ द लँड' नावाची संथ होडी आहे. ती थेट काचघरांतून जाते. मातीशिवाय नुसत्या पाण्यावर वाढवलेली रोपं, टांगलेल्या वेली, माशांच्या टाक्या असं सगळं जवळून दिसतं. साताऱ्याकडच्या, शेती पाहिलेल्या माणसाला तिथून उठवत नाही. मी लागलीच दुसऱ्यांदा बसलो.

अ‍ॅनिमल किंगडममध्ये आशिया विभागात 'महाराजा जंगल ट्रेक' ही पायवाट आहे. 'आनंदपूर' नावाचं काल्पनिक गाव, पडक्या राजवाड्याच्या कमानी, भिंतींवर जुन्या वळणाची चित्रं आणि काचेपलीकडे वाघ. आमच्या मंडळींनी एकेक भिंत थांबून पाहिली. ती वाट आपल्या पावलाने चालायची आहे, कुणी घाई करत नाही. किलिमांजारो सफारी मात्र सकाळी पहिली घ्या, तेव्हा जनावरं हिंडती असतात. उघड्या ट्रकमधून जायचं असतं, खडबडीत रस्त्याचे धक्के बसतात. कंबरदुखी असेल तर मधल्या रांगेत बसवा.

मॅजिक किंगडममध्ये 'कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस' हे फिरतं नाट्यगृह आहे. मूळचं १९६४च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यातलं, फ्लोरिडात १९७५ पासून. एका अमेरिकन घरात वीज आणि यंत्रं कशी आली ते दाखवतात. वीसेक मिनिटं थंडगार हवेत गुडघ्यांना विसावा मिळतो, मांडीवरचं मूलही बहुधा झोपी जातं.

सासूबाई साडी नेसत असतील तर पीपलमूव्हरला जपा. सुंदर संथ गाडी आहे, पण सरकत्या पट्ट्यावरून चढावं-उतरावं लागतं. सलवार-कमीज बरी.

रेवा_एडिसन

जेवणाचं माझ्याकडे लागलं! माझ्या आईंनाही अंडं चालत नाही, म्हणून मी या विषयाचा पूर्ण पिच्छा पुरवला आहे.

पहिली गोष्ट, घरचं खाणं आत नेता येतं. काचेच्या बाटल्या-बरण्या नकोत (बाळाच्या खाण्याच्या छोट्या बाटल्या चालतात), दारू नको, सुटा बर्फ नको, आणि गरम करावं लागेल असं किंवा उग्र वासाचं काही नको. म्हणजे आपल्या तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, गुळपोळी, चिवडा, लाडू हे सगळं खुशाल न्या. लसणाची चटणी तेवढी मुक्कामी ठेवा. प्यायला बर्फाचं पाणी कुठल्याही झटपट खाण्याच्या खिडकीवर फुकट मिळतं, बाटल्या विकत घेऊ नका. संकष्टी किंवा एकादशी आली तर फळांच्या गाड्याही असतात.

विकतचं घ्यायचं तर मेनूवर हिरव्या पानाची खूण बघा. त्या पदार्थात मांस, दूध, अंडं काहीच नसतं. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलेल्यात अंडं असू शकतं. मिकीच्या आकाराच्या वाफल्समध्ये असतंच. मार्शमेलो आणि मार्शमेलोने बांधलेल्या तांदळाच्या वड्यांमध्ये जिलेटिन असतं, ते मुलांच्या हातात सहज येतं, म्हणून लिहिलं. अननसाचं डोल व्हिप (आइस्क्रीमसारखा थंड पदार्थ) मात्र बिनदिक्कत द्या, त्यात दूधही नसतं. बसून जेवायच्या ठिकाणी शेफला बोलवा म्हणायला संकोच करू नका. ते स्वतः टेबलाशी येऊन बोलतात.

आणि एक जेवण 'सना'मध्ये कराच. अ‍ॅनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्या हॉटेलाच्या भागातलं हे रेस्टॉरंट आहे, पार्कचं तिकीट लागत नाही. नान आणि हरतऱ्हेच्या चटण्यांचं ताट मिळतं, खिडकीबाहेर जिराफ आणि झेब्रे चरत असतात. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, लगेच करून टाका.

लेकीसाठी आणखी एक. प्रत्येक पार्कात 'बेबी केअर सेंटर' आहे. डायपर बदलायला स्वच्छ जागा, अंगावर पाजायला खोली, उंच खुर्ची, बाळाचं खाणं गरम करायला मायक्रोवेव्ह. मॅजिक किंगडममधलं क्रिस्टल पॅलेस रेस्टॉरंटजवळ आहे. वरणभाताचा छोटा डबा तिथे कोमट करून शांतपणे भरवता येतो. पहिल्याच सकाळी ते कुठे आहे ते बघून ठेवा.

पराग_डॅलस

राहायला माझं मत किसिमीतल्या भाड्याच्या घराला. तीन बेडरूम, पूर्ण स्वयंपाकघर, कपडे धुवायचं यंत्र, बऱ्याच घरांना स्वतःचा तलाव. सहा माणसांना डिस्नेच्या हॉटेलात जेवढे पैसे जातात त्याच्या निम्म्यात भागेल. सकाळी पोहे, रात्री खिचडी. आई-बाबांना याहून सुख ते कुठलं? जवळपास भारतीय किराणाही मिळतो.

केदार_टँपा

पराग, खर्चाचं बरोबर आहे, आणि एरवी मीही घरच सुचवतो. पण दुपारी परत यायचं म्हटलं की हिशेब बदलतो. मॅजिक किंगडमला आपली गाडी दारापर्यंत जात नाही. ती तिकीट अँड ट्रान्सपोर्टेशन सेंटरला लावायची, तिथून मोनोरेल किंवा तळ्यातून मोठी फेरीबोट, मग दार. म्हणजे किसिमीच्या घरातून दार गाठेपर्यंत सहज तास जातो, आणि तेच दिवसातून चारदा. दुसऱ्या फेरीला कुणाचीच उठायची तयारी नसते, आणि झोपेची सगळी योजना तिथेच मोडते.

डिस्नेच्या हॉटेलाची बस मॅजिक किंगडमच्या दाराशीच सोडते. वर त्यांच्या पाहुण्यांना रोज अर्धा तास आधी आत घेतात. सहा जणांसाठी 'आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन'चे फॅमिली स्वीट बघा. सहा माणसं मावतात, दोन न्हाणीघरं आहेत, फ्रिज आणि मायक्रोवेव्ह आहे. शेगडी नाही, एवढी एक उणीव. तिथून स्कायलायनर, म्हणजे हवेतल्या पाळण्यांची गाडी, एप्कॉटला जाते. सासऱ्यांना ती स्वतंत्र राइडसारखीच वाटेल.

मध्यममार्ग असा की तीन रात्री आत आणि एप्कॉट-अ‍ॅनिमल किंगडमच्या वेळी बाहेर घरात. त्या दोन्ही पार्क्सना गाडी दाराजवळ लावता येते.

मृण्मयी_अटलांटा

वा! केदार, मोनोरेलचा हा मुद्दा मला कुठेच सापडला नव्हता. अण्णा, तुमचा प्रतिसाद सासऱ्यांना वाचून दाखवला. ते काचघरांबद्दल आत्तापासून प्रश्न विचारताहेत.

रांग टाळण्याच्या पासचं कुणी सांगेल का? आणि माइन ट्रेनला मुलगा बसेल, लेक बसणार नाही, तेव्हा काय करायचं?

गोदाकाठ

दुसऱ्या प्रश्नाला 'रायडर स्विच' आहे आणि ते फुकट आहे. रांगेच्या तोंडाशी कर्मचाऱ्याला सांगायचं की एक मूल बसणार नाही. तुझा नवरा मुलाला घेऊन रांगेतून जाईल, तू लेकीबरोबर बाहेर थांबशील. ते आले की तू लांब रांगेशिवाय आत, आणि बहुधा मुलालाही पुन्हा बरोबर नेता येतं. त्याची दोनदा चंगळ! आजी-आजोबांची तयारी असेल तर ते लेकीजवळ थांबतील आणि तुम्ही तिघं एकत्रच जाल. पण अण्णांनी लिहिलंय ते लक्षात ठेवून दिवसातून एखादवेळीच.

पास म्हणजे 'लाइटनिंग लेन मल्टी पास'. आधीच्या जिनी प्लसच्या जागी जुलै २०२४ पासून हा आला. दर तारखेप्रमाणे बदलतो. तीन राइड्सच्या वेळा आधीच घेऊन ठेवायच्या, आत गेल्यावर एक वापरली की पुढची घ्यायची. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना मुक्कामाच्या ७ दिवस आधी निवडता येतं, बाकीच्यांना ३ दिवस आधी. तीन वर्षांखालच्यांना पास लागत नाही. माझं स्पष्ट मत : मॅजिक किंगडमच्या एका दिवसासाठी घ्या, बाकी कुठेही नको. वेळा अकराच्या पुढच्या आणि संध्याकाळच्या निवडा, कारण सकाळी रांगाच नसतात. अ‍ॅनिमल किंगडमला तर पहाटे पोहोचलात की पैसे टाकण्यात काहीच अर्थ नाही.

तन्वी_बे_एरिया

मध्येच विचारते. माझा सहा वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. बंदिस्त रांगेत तो दहा मिनिटंही थांबू शकत नाही. आम्ही अशा ठिकाणी जावं की नाही, हेच ठरत नाही. कुणाला माहिती असेल तर सांगाल का?

गोदाकाठ

तन्वी, नक्की जा. 'डिसअ‍ॅबिलिटी अ‍ॅक्सेस सर्व्हिस' मुख्यतः स्वमग्नता किंवा तशाच विकासात्मक अडचणी असलेल्यांसाठीच आहे. रांगेइतकाच वेळ बाहेर मोकळ्या जागी काढायचा आणि दिलेल्या वेळेला येऊन आत जायचं. त्यासाठी आधी व्हिडिओ कॉलवर त्यांच्या माणसाशी बोलावं लागतं, तेव्हा मुलगाही बरोबर लागतो. ते घरूनच, जायच्या आधी उरका. मुलाला काय जमत नाही ते नेमकं सांगा, नुसतं निदान सांगून भागत नाही. आवाज कमी करणारे हेडफोन न्या. आतषबाजी जवळून फार मोठ्याने होते, ती शक्यतो दाराबाहेर पडून लांबून बघा. आणि जाण्याआधी राइड्सचे व्हिडिओ त्याला पुन्हा पुन्हा दाखवा. पुढे काय येणार ते ठाऊक असलं की या मुलांना केवढा आधार वाटतो, ते तू जाणतेसच. आणखी काही लागलं तर मला व्यक्तिगत संदेश कर, मी मनापासून मदत करेन.

तन्वी_बे_एरिया

खूप खूप आभार. आज रात्रीच नवऱ्याशी बोलते.

रेवा_एडिसन

मुलं हरवण्याबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून. रोज सकाळी दोघांचे पूर्ण कपड्यांतले फोटो काढा. फोन नंबर मनगटावर पेनने लिहा. मुलाला शिकवा की आई दिसली नाही तर जागेवरच थांबायचं आणि छातीवर पांढरी लंबगोल नावपट्टी असलेल्या माणसाला सांगायचं. ते कर्मचारी असतात, आणि हरवलेल्या लहान मुलांना बेबी केअर सेंटरला आणतात. आजी-आजोबांचाही विचार करा. त्यांच्या फोनमध्ये इथलं सिम आणि लोकेशन चालू हवं.

मृण्मयी_अटलांटा

सगळं वहीत उतरवलं. ठरलं ते असं : तीन रात्री आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन, दोन मॅजिक किंगडमच्या दिवसांच्या मध्ये एप्कॉट, मग दोन रात्री किसिमीत घर आणि तिथून अ‍ॅनिमल किंगडमची सकाळ. पास एकाच दिवसाचा. सनाचं आरक्षण मिळालं!

शेवटचे दोन प्रश्न. आमची स्ट्रोलर जुळ्यांची, शेजारी-शेजारी बसायची आहे, चालेल का? आणि सासूबाईंना व्हीलचेअर म्हटलं की वाईट वाटतं, तर काय करावं?

केदार_टँपा

स्ट्रोलर ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांब, म्हणजे ७९ बाय १३२ सेंमीच्या आत हवी. आजच टेपने मोजा. ओढायची वॅगन आत सोडतच नाहीत. बसमध्ये घडी घालावी लागते, मोनोरेलमध्ये आणि बोटीत उघडी चालते. साडेपाच वर्षांच्या मुलासाठीही जागा ठेवा हं. दिवसाला आठ-दहा किलोमीटर चालणं होतं, घरी कितीही पळत असला तरी तिथे संध्याकाळी पाय गळतात. राइडबाहेर स्ट्रोलर लावून जावं लागतं आणि कर्मचारी ती सरकवून नीट रांगेत ठेवतात, तेव्हा हँडलला एखादी भडक ओढणी बांधा. पाकिटं-पासपोर्ट त्यात ठेवू नका.

अण्णा_कोल्हापूर

व्हीलचेअरबद्दल मी सांगतो. आमच्या सौभाग्यवतींनीही आधी नको म्हटलं होतं. त्यांना खुर्चीत बसा म्हणून आग्रह केला नाही. खुर्ची भाड्याने घेतली, त्यात पिशव्या ठेवल्या आणि त्या स्वतः ती ढकलत चालल्या. हाताला आधार मिळाला. दमल्या तेव्हा पिशव्या माझ्या खांद्यावर आल्या आणि त्या आपणहून बसल्या. पार्काच्या दाराशी खुर्च्या मिळतात, पण आधी येईल त्याला आधी, आरक्षण नाही. म्हणून सकाळी आत शिरताच घ्या. दुपारी बाहेर जाताना पावती जपून ठेवा आणि परत आल्यावर दाखवा, त्याच दिवसाचे पैसे पुन्हा पडत नाहीत.